रानमेथी ओळखायची तर आधी शेंग बघ

हिप्परगा तलावाकाठचा जो फोटो तू क्लोव्हर (वाटाण्याच्या कुळातलं तीन पर्णिकांचं झाड) म्हणून पाठवलास, तो क्लोव्हरचा नाही, आंबुटीचा आहे. एका पानात तीन पर्णिका, म्हणजे छोटी पानं, दिसल्या की नवखा माणूस तिथेच थांबतो. आंबुटीच्या पर्णिका पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या आणि फुलाच्या पाचही पाकळ्या सारख्या. क्लोव्हरच्या कुळात फूल वाटाण्यासारखं: वरची पाकळी ध्वज, बाजूच्या दोन पंख, खालच्या जुळून नौका.

तुला जी हवी आहे ती रानमेथी, याच कुळातली मेलिलोटस इंडिकस, थंडीत ओलिताच्या गव्हा-हरभऱ्यात तण म्हणून सापडेल. एका हंगामाचं झाड. पिवळी फुलं जेमतेम 2-3 मिलिमीटरची, लांबट तुऱ्यात. म्हणून 10 पट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवच. खरी खूण शेंगेत आहे. रानमेथीची शेंग बारकी, जाळीदार सुरकुत्यांची, बहुधा एकाच बियाची, आणि निदलपुंजाबाहेर (फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पेल्याबाहेर) ठळक दिसते. चाऱ्याचं बरसीम म्हणजे खरं क्लोव्हर, ट्रायफोलियम; त्यात फुलांचा गेंद असतो आणि शेंग सुकलेल्या फुलातच दडून राहते. मेडिकॅगोची, म्हणजे लसूणघासाच्या प्रजातीची, शेंग बहुधा गोगलगाईसारखी वळलेली. एवढं पक्कं केलंस की निम्मा गोंधळ मिटला.

रोप मुळासकट उपट. मुळांवरच्या गाठी नखाने फोड. आत गुलाबी दिसलं तर जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. हे पहिल्यांदा बघताना मी हरखून गेलो होतो.

नमुना लगेच वाळव. कुमारिन या सुगंधी द्रव्यामुळे त्याला ताज्या वाळल्या गवताचा गोड वास येतो. पण बुरशी लागलेली रानमेथी जनावरांपुढे टाकू नकोस, कुमारिनपासून डायकुमारॉल बनून रक्त गोठेनासं होतं. 1920 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत अशा बुरसट चाऱ्याने गुरं दगावली होती.

पुढच्या वेळी शेंगेसकट फांदी आण.