पारख पानाबाहेरच होते

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गातील मुले प्रकल्पासाठी संकेतस्थळांवरून माहिती उतरवून आणतात. ‘आमच्याविषयी’ हे पान आधी वाचा, असे मी त्यांना सांगते. एवढे पुरेसे आहे का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : पुरेसे नाही, कारण ते पान मालकानेच लिहिलेले असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि २५ विद्यार्थी यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळे तपासायला दिली होती. एक संस्था १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये मतभेदातून निघालेली, अगदी लहान. नीटनेटकी मांडणी आणि संदर्भांची यादी पाहून बरेच विद्यार्थी, आणि काही इतिहासकारही (हे मला अधिक बोलके वाटते), या दुसऱ्या संस्थेला विश्वासार्ह मानून फसले. तथ्यपडताळणीकारांनी मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडले आणि नव्या टॅबमध्ये त्या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे, ते शोधले.

आपण मुलांना एखादे आरोग्यविषयक संकेतस्थळ द्यावे आणि ते न वाचता, केवळ बाहेरच्या उल्लेखांवरून ते कोण चालवते व पैसा कोठून येतो, हे पाच मिनिटांत शोधायला सांगावे. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ओआरजी’ दिसले की संस्था भली, हा समजही तेव्हाच दूर करावा. ते नाव कोणीही नोंदवू शकतो. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र सरकारी संस्थांसाठीच राखीव आहे.