टाकी विकू नका

तुम्ही लिहिलंय की चाकणची भट्टी फर्नेस ऑइलवरून पाइप गॅसवर नेताय आणि जुनी टाकी भंगारात काढून तिथे मशीन बसवायचंय. वाचून पोटात कालवलं. 2021 मध्ये आम्ही हेच केलं होतं. गॅसवर जरूर जा. बर्नर, मीटर वगैरे गॅसवाले बघतील. टाकी मात्र विकू नका.

आमची टाकी, पंप, ऑइल हीटर सगळं एका ट्रकमधून गेलं. काही महिन्यांत युक्रेनचं युद्ध पेटलं. रशियाचा गॅस आटत गेला तसा युरोप मिळेल त्या भावाने एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची, जहाजं उचलू लागला. 2020 मध्ये आशियात एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) 2 डॉलरच्याही खाली गेलेला स्पॉट गॅस, म्हणजे कराराविना रोजच्या भावाने मिळणारा, 2022 मध्ये 50 च्या वर होता. दीर्घ मुदतीच्या करारावर विसंबू नका. रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी आपल्या सरकारी गॅस कंपनीचा, गेलचा, 20 वर्षांचा करार होता. जर्मनीने त्या सिंगापूरच्या कंपनीच्या जर्मनीतल्या मालक कंपनीचा ताबा घेतला आणि आपली जहाजं थांबली.

मोरबीचे टाइल्सवाले प्रोपेनवर वळले. आमच्याकडे वळायला काही उरलंच नव्हतं. एलपीजीसाठी धावलो, तर परवानगीची फाईल एका कार्यालयात चार महिने पडून. नकाशा तीनदा परत आला. दोनदा चाललेलं कंपाउंडपासूनचं अंतर तिसऱ्यांदा चुकीचं ठरलं! तोवर भट्टी आठवड्याला तीन दिवस, आणि करारात किमान उचल असल्याने न जाळलेल्या गॅसचंही बिल. दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली ती कायमची.

माझ्या मते अडीअडचणीचं दुसरं इंधन एलपीजी नको, जुनं फर्नेस ऑइलच ठेवा. कतारचा एलएनजी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो, आपला बराचसा एलपीजीही आखातातून त्याच वाटेने. मी फोर्जिंगवाला, वकील नाही. तुमचा करार वेगळा असेल. किमान उचलीचं कलम मात्र सही करण्याआधी जाणकाराला दाखवा.

दराची तुलना करताना एक बघा. गॅस जीएसटीत नाही, त्यामुळे व्हॅटचं क्रेडिट धरू नका. महाराष्ट्रात तो एप्रिल 2022 पासून 13.5 वरून 3 टक्के झाला, हे त्यातल्या त्यात बरं.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात दोन्ही इंधनं लिहून घ्या. आणि महिन्यातून एक दिवस भट्टी ऑइलवर चालवा, नाहीतर ऐन वेळी पंप जाम निघेल.