देवाला माहीत होतं, तरी नाथान आला

"आत्या, सलाम. मी सांगलीचा, वय ३१. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. दोन वर्षांपासून मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळतो. ४६ हजार गेले, त्यातले २० हजार उसने. मागच्या वर्षी चर्चच्या मंडळीतल्या एका मोठ्या भावाला विश्वासानं सांगितलं. पुढच्याच शुक्रवारी घरगुती प्रार्थनेत त्यांनी माझं नाव घेऊन तो प्रार्थनेचा विषय केला. बायकोच्या कानावर गेलं. मी घाबरून 'सोडलं' म्हणालो, उपासनेत सगळ्यांपुढे तशी साक्षही दिली. खरं तर एक महिनासुद्धा सुटलं नाही. आम्ही चार मित्र दर शनिवारी मिरजेत एकमेकांना आपल्या वागण्याचा हिशेब द्यायला बसतो. तिथंही 'प्रभूच्या कृपेनं छान' एवढंच सांगतो. आता ती साक्ष ऐकून पाळकसाहेब म्हणतात, तरुण मुलांचा शिष्यपणाचा वर्ग तू घे. देवाला सगळं माहीत आहे, त्याच्यापुढे मी रोज रडतो. मग माणसाला कशाला सांगायचं?"

बाळा, सलाम.

आधी त्या शुक्रवारचं बोलते, कारण वाचताना मलाच झोंबलं. विश्वासानं सांगितलेली गोष्ट चारचौघांत मांडणं ही चहाडी आहे, मग ती डोळे मिटून आणि हात जोडून का केलेली असेना. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं वाट घालून दिली आहे. भावाचा अपराध दिसला तर आधी एकट्यानं एकट्याला गाठायचं, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं, मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर. त्या भावानं मधल्या पायऱ्या गाळल्या. तुझ्यावर अन्याय झाला, आणि तुझ्या गप्प बसण्याला तेही कारण आहे. कधीतरी त्यांना एकट्यानं भेटून हे सांग. पण ते नंतर, आधी तुझं घर.

आता तुझा प्रश्न. दावीद राजाचं आठव. आपल्याच सैनिकाला, उरीयाला, लढाईत पुढं उभं करून मारवलं, त्याच्या बायकोला घरी आणलं, मूल जन्मलं. एवढा काळ दावीद गप्प होता. देवाला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. तरी त्यानं स्वप्न पाडलं नाही, आकाशातून वाणी केली नाही. एका माणसाला पाठवलं. नाथान संदेष्टा आला, त्यानं गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली, दावीद त्या श्रीमंतावर संतापला, आणि नाथान म्हणाला, तो माणूस तूच. देवासमोर एकट्यानं रडताना आपल्या पापाचं नाव आपणच ठरवतो, बाळा. "प्रभू, मी अशक्त आहे" म्हटलं की भागतं. माणसासमोर "४६ हजार" म्हणावं लागतं.

आणखी एक बघ. नाथान तिथून निघून गेला नाही. दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचा मुलगा शलमोन याच्या गादीसाठी धावपळ करणाऱ्यांत नाथान आहेच. मधल्या काळात दावीदाला बथशेबेपासून, म्हणजे उरीयाच्या त्याच बायकोपासून, मुलगे झाले, त्यांतल्या एकाचं नाव नाथान. कुणावरून ठेवलं ते पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही. पण त्या घरात ते नाव नकोसं झालं नव्हतं, एवढं मला कळतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. जमिनीच्या वाटणीवरून मी माझ्या जावेशी सहा वर्षं बोलत नव्हते. त्याच वर्षांत इथं साताऱ्यात संडे स्कूल शिकवत होते, प्रभुभोजन घेत होते. संध्याकाळी माझी एक मैत्रीण आणि मी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाकडे फिरायला जायचो. एकदा चढावर तिनं विचारलं, "परवा तू प्रभुभोजनाची भाकर घेतलीस. जावेला फोन केलास का?" मला इतका राग आला की दोन आठवडे तिच्याबरोबर गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात गेले, कारण सहा वर्षांत दुसऱ्या कुणी मला विचारलंच नव्हतं. फोन करायला त्यानंतरही दोन महिने लागले. ती दर मंगळवारी विचारत राहिली, आणि ही गोष्ट तिनं कधीच कुणाला सांगितली नाही. माझी वाढ झाली असेल तर ती त्या चढावर झाली.

तुमच्या शनिवारच्या बैठकीत काय चुकतंय ते तुला मी काय सांगू, तू हिशेबाचा माणूस. मालकानं "बरं चाललंय ना?" विचारलं आणि तू "छान" म्हणालास, म्हणून रोजमेळ जुळतो का? शिल्लक मोजावी लागते. सौद्याला आलेलं हळकुंडसुद्धा मोडून आतला रंग बघतात. "कसं चाललंय?" हा प्रश्न नाही, तो नुसता सलाम झाला.

मेथॉडिस्ट मंडळीच्या 'क्लास मीटिंग'ची सुरुवात मोठी बोलकी आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट केले, आणि गटाच्या पुढाऱ्यानं घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची असं ठरलं. पुढारी पैशासाठी दारात गेले आणि त्यांना घरातली भांडणं दिसली, दारू दिसली. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लक्षात आलं की माणसांची काळजी घ्यायची हीच वाट आहे. पुढं हे गट दर आठवड्याला एकत्र बसू लागले, आणि प्रत्येकाला आपल्या जिवाचं कसं चाललंय ते सांगावं लागे. दारात जाणारं माणूस लागतं, ते असं.

पण आपल्याकडे जाब विचारणं म्हणजे वरच्यानं खालच्याला विचारणं, ही मिशनच्या बंगल्यापासूनची सवय अजून गेलेली नाही. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. म्हणून साहेब शोधू नकोस, सोबती शोध. त्या चौघांतलाच एक चालेल. त्याला ओळखायची खूण सोपी आहे: त्यानं दुसऱ्या कुणाचं गुपित तुला कधी सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर तुझंही जाईल. तुझ्याकडून त्याला काही येणं असेल तरीही तो नको. त्याला चार प्रश्न लिहून दे आणि वार ठरव. या आठवड्यात पैसे लावलेस का? किती? बायकोला सांगितलंस का? आणि शेवटचा, आत्ता माझ्याशी खोटं बोललास का? बँकेचं पासबुक त्याच्यापुढे ठेव. तू पुन्हा पडशील, कदाचित लवकरच. पडल्यापासून सांगेपर्यंत आज तुझं वर्ष गेलं. ते महिन्यावर आलं, मग आठवड्यावर, मग त्याच रात्रीवर, तर तू वाढतो आहेस असं समज. साक्षीत टाळ्या किती पडल्या यावरून समजू नकोस.

त्या मित्रानं पैसे मात्र फेडायचे नाहीत. पौल गलतीकरांना लिहितो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तिथंच तीन वचनं पुढं म्हणतो की ज्याचा त्याचा भार ज्यानं त्यानं वाहायचा. सोबत त्याची, कर्ज तुझं.

आणि हे सगळं बायकोला आधी. ती रडेल, ओरडेल, माहेरी जाईन म्हणेल. ऐकून घे. "तुझ्या भीतीनं खोटं बोललो" असं चुकूनही म्हणू नकोस, त्यात दोष तिच्याकडे ढकलल्यासारखं होतं. पूर्ण आकडा एकदम सांग. हप्त्याहप्त्यानं कळलेलं खरं बायकोला जास्त लागतं. मग पाळकसाहेबांकडे जा. ती साक्ष खोटी होती हे सांग आणि वर्ग आत्ता घेणार नाही म्हण. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असं याकोब म्हणतो. त्यात तुला घाबरवायचं नाही, पण त्या मुलांच्या हातातही मोबाईल आहेत, आणि त्यांच्यापुढे उभा राहणारा आतून पोकळ नको.

ठरवूनही हात मोबाईलकडे जातच राहिला तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नकोस. हे व्यसन आहे, त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मिरज-सांगलीत मानसोपचारतज्ज्ञही आहेत. आपल्याच मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना आणि औषध एका छपराखाली नांदतात हे तुम्हा मिरज-सांगलीकरांना मी काय सांगायचं?

पुढचं पत्र लांब नको, कारणं तर नकोतच. बायकोला कोणत्या वारी सांगितलंस तेवढं लिही. महिन्याभरात पत्र आलं नाही तर या स्तंभातून मीच विचारीन, तुझं नाव न घेता.

तुझी,
आत्या