लायसोझाइम विषाणूला ‘विरघळवतं’ का?

पशुपालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी ‘लायसोझाइम’साठी ‘लयकारी विकर’ असा शब्द घडवला आणि वाक्य लिहिलं: ‘जनावरांच्या लाळेतलं आणि अश्रूंतलं लयकारी विकर जिवाणू व विषाणू यांना विरघळवून टाकतं.’ शब्द चालेल का आणि वाक्य बरोबर आहे का, असं ते विचारतात.

शब्दापासून सुरुवात करू. ‘लयकारी’ म्हटलं की मला तबला ऐकू येतो, आणि मला वाटतं बहुतेक मराठी वाचकांचं तसंच होईल. ‘लय’ म्हणजे विलीन होणं हा अर्थ संस्कृतात पक्का आहे, ‘उत्पत्ती, स्थिती, लय’मध्ये तो आपण रोज वापरतो. पण ‘लयकारी’ हा तयार शब्द संगीताने आधीच उचललेला आहे. ‘विकर’ला (म्हणजे ‘एन्झाइम’च्या मराठी शब्दाला) माझी हरकत नाही. ‘पाचक विकर’ शाळेतच भेटतात, त्यामुळे तो शब्द रुळलेला आहे.

खरी मौज मूळ शब्दात आहे. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती (पेनिसिलिन अजून सात वर्षं लांब होतं). स्वतःच्या नाकातला शेंबूड त्याने तपासायला घेतला, तेव्हा त्याच्या आसपासची पिवळ्या जिवाणूंची वाढ विरून गेलेली दिसली. मग अश्रू, लाळ, अंड्यातला पांढरा भाग, जे हाताला लागेल ते त्याने तपासलं. अश्रू मिळवायला डोळ्यांत लिंबाचा रस पिळला जाई. जिवाणूंचं गढूळ पाणी अश्रूच्या थेंबाने बघता बघता नितळ होई. १९२२मध्ये त्याचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. नाव मात्र त्याच्या वरिष्ठांनी, अल्मरॉथ राइट यांनी दिलं. राइट यांना ग्रीक शब्द घडवायची भारी हौस होती. ‘ऑप्सोनिन’ही त्यांच्याच प्रयोगशाळेतला शब्द, आणि त्याच्या मुळाशी चक्क ‘जेवण तयार करणं’ असा अर्थ आहे!

तर ‘लायसोझाइम’चे दोन तुकडे. ‘झाइम’ हे ग्रीक ‘झ्युमे’वरून आलं, म्हणजे पाव फुगवायचं आंबवण. ‘एन्झाइम’ म्हणजे शब्दशः ‘आंबवणातलं’. आपल्याकडे त्याच जागी ‘किण्व’ आहे, त्यावरूनच ‘किण्वन’. ‘लायसो’ हे ग्रीक ‘ल्युसिस’वरून आलं, अर्थ सोडवणं, सैल करणं, मोकळं करणं. आता ‘लायसो’ आणि ‘लय’ यांचे उच्चार जवळचे असल्यामुळे ते एकाच घरातले वाटतात, पण तसं नाही. ‘लय’ संस्कृतातल्या ‘ली’ धातूचा. ग्रीक शब्दाचा भाऊबंद म्हणून तौलनिक भाषाशास्त्रज्ञ दाखवतात तो ‘लू’ धातू, म्हणजे कापणं. ‘लुनाति’ म्हणजे कापतो, ‘लवित्र’ म्हणजे विळा.

हे मी मुद्दाम लांबवलं, कारण लायसोझाइम खरोखर विळ्याचंच काम करतं. फ्लेमिंगच्या डोळ्यांना विरघळणं दिसलं, म्हणून नावही तसं पडलं. प्रत्यक्षात जिवाणूभोवती एक भिंत असते, दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून ओवलेल्या माळांची. लायसोझाइम त्या दोन शर्करांमधला एक ठरावीक बंध कापतं. इतकंच. भिंत दुबळी झाली की बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू स्वतःच्याच दाबाने फुटतो. १९६५मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी अंड्यातल्या लायसोझाइमची रचना क्ष-किरणांनी उलगडली. अशी रचना कळलेलं हे पहिलं विकर. १२९ अमिनो आम्लांची ती साखळी घडी घालून बसते आणि मधोमध एक खाच राहते. शर्करेची माळ त्या खाचेत बसते आणि तिथेच कापली जाते.

आता तुमच्या वाक्यातला ‘विषाणू’. (हा शब्द फार नेटका आहे. लॅटिन ‘व्हायरस’ आणि संस्कृत ‘विष’ एकाच मुळाचे, तेव्हा इथे भाषांतर आणि व्युत्पत्ती दोन्ही जुळतात.) विषाणूला ही भिंतच नसते. पत्रक जनावरांसाठी आहे, म्हणून लाळ्या-खुरकुताचंच उदाहरण घ्या. लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८मध्ये जर्मनीत, जिवाणू अडवणाऱ्या गाळण्यांतूनही रोगाचं कारण पार होतं हे दाखवलं. प्राण्यांच्या रोगाचा सापडलेला तो पहिला विषाणू. त्याला शर्करेची भिंत नाही, चरबीचं वेष्टनही नाही. प्रथिनांचं कवच आणि आत आरएनए, संपलं. आजारी जनावराच्या तोंडातून लोंबणारी तार याच विषाणूने भरलेली असते आणि तीच रोग पसरवते. तुमचं वाक्य शब्दशः खरं असतं, तर रोगाच्या नावातलं ‘लाळ्या’ हेच त्यावरचं औषध ठरलं असतं!

गंमत म्हणजे जिवाणूंवर जगणारे काही विषाणू स्वतःच लायसोझाइम बाळगतात. टी-४ नावाचा विषाणू जिवाणूच्या आत वाढतो आणि वेळ आली की आतून भिंत कापून बाहेर पडतो. विळा तोच, हात वेगळा.

मग विषाणूंच्या बाबतीत लायसोझाइम अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही, फक्त तिथे त्याची रीत निराळी आहे. हे प्रथिन धनभारित असतं आणि डीएनए, आरएनए ऋणभारित, त्यामुळे ते त्यांना चिकटू शकतं. १९९९मध्ये गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकाच्या नमुन्यांत एचआयव्हीला रोखणारं नेमकं काय आहे याचा शोध घेतला गेला, तेव्हा सापडलेल्या घटकांत लायसोझाइम होतं. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं, गोठ्यातलं नव्हे. आणखी एक आडवाटेचं काम आहे. लायसोझाइमने कापलेले जिवाणूच्या भिंतीचे तुकडे शरीराच्या पेशी ओळखतात आणि संरक्षणाची यंत्रणा जागी होते. या सगळ्यात ‘विरघळवणं’ कुठेच नाही. ‘चिकटणं’, ‘अडवणं’, ‘अटकाव करणं’ ही क्रियापदं चालतील, आणि तीही ‘काही’ हा शब्द सोबत घेऊनच.

‘जनावरांच्या’ या शब्दाबद्दलही जरा जपून. सगळ्या प्राण्यांत लायसोझाइमची वाटणी सारखी नाही. आईच्या दुधात ते भरपूर असतं, गायीच्या दुधात त्या मानाने नगण्य. गायीने ते चौथ्या पोटात कामाला लावलंय, पुढच्या पोटांतून आलेले जिवाणू फोडून पचवायला. आपल्या देवळांच्या आवारातल्या वानरानेही, म्हणजे हनुमान लंगुरानेही, पाला पचवताना स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली आहे. एकाच विकराला कुठे पहारेकऱ्याचं काम, कुठे आचाऱ्याचं.

तेव्हा मी असं लिहीन: ‘लाळ, अश्रू यांसारख्या स्रावांत आढळणारं लायसोझाइम हे विकर जिवाणूंची भिंत कापून त्यांना फोडतं, काही विषाणूंना ते अटकाव करत असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे.’ मराठी शब्द हवाच असेल तर ‘भित्तिभेदी विकर’ कंसात द्या, पण पशुवैद्य, औषधाचं दुकान आणि पाठ्यपुस्तक सगळीकडे ‘लायसोझाइम’च भेटणार आहे. शब्द नपुंसकलिंगी ठेवा. ‘झ’ मात्र ‘झोप’मधला, ‘झेंडा’तला नव्हे. ‘झाइम’ की ‘झाईम’ यावर मी भांडणार नाही, पण ‘एन्झाइम’ ऱ्हस्व लिहीत असाल तर हेही ऱ्हस्वच लिहा.