ऑक्टोबरमध्ये हिमाचलात हंपता पास ही खिंड आणि चंद्रताल सरोवर असा ट्रेक ठरलाय, पण रोहतांगवर बर्फ पडल्याची बातमी आली आहे. हिवाळा सुरू व्हायच्या आधीच बर्फ कसा? ट्रेक रद्द करावा का?

आधी थेट उत्तर देतो. ट्रेक लगेच रद्द करू नका, पण हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट ज्या दिवसांसाठी आहे ते दिवस आणि त्यानंतरचा किमान एक पूर्ण दिवस मनालीच्या वर सरकू नका. तुम्ही लिहिलंय की परतीचं तिकीट ठरलेलं आहे, हाताशी एकही दिवस जास्तीचा नाही आणि ‘थोडा बर्फ मिळाला तर मजाच येईल’. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मला काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. बरीच वर्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमाचल आणि उत्तराखंडात ट्रेकला जातो आहे, आणि जानेवारीच्या बर्फापेक्षा मला या दिवसांतल्या पहिल्या बर्फाची धास्ती जास्त आहे.

हा बर्फ येतो कुठून? वायव्य भारतातून मान्सून साधारण १७ सप्टेंबरपासून माघार घेऊ लागतो. पावसाळाभर तिबेटच्या पठारावर उंच हवेत जो उच्च दाब असतो तो विरतो आणि पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे पुन्हा दक्षिणेकडे, हिमालयाच्या डोक्यावर सरकतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात, म्हणजे बातम्यांतले वेस्टर्न डिस्टर्बन्स, याच वाऱ्यांवर स्वार होऊन येतात. त्यांचा खरा मोसम डिसेंबर ते मार्च. पण एखादा तगडा झंझावात सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरातच खाली उतरतो. तेव्हा अरबी समुद्र, बंगालचा उपसागर अजून उबदार असतात, हवेत बाष्प भरपूर असतं, आणि वरून थंड हवा येऊन बसते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ म्हणजे थोडासाच शिडकावा असेल, हा समज चुकीचा आहे. बाष्पामुळे तो एका रात्रीत डिसेंबरपेक्षा जास्तही पडू शकतो.

बर्फ किती खाली येईल याचा अंदाज तुम्ही स्वतः बांधू शकता. पावसाळी, दमट हवेत दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी घटतं. मनाली २०५० मीटरवर आहे. तिथे पावसात ८ अंश असतील, तर शून्य अंश साधारण ३४०० मीटरच्या आसपास येईल. हिमकण वितळायलाही वेळ लागतो, म्हणून ते त्याच्याही दोन-तीनशे मीटर खाली पोचतात. म्हणजे अटल बोगद्याच्या तोंडाशी बर्फ, आणि तुमच्या ४२७० मीटरच्या हंपता पासवर उणे पाच. वारा त्यात धरलेला नाही. शिवाय वितळणारा बर्फ हवेतली उष्णता खेचून घेतो. जोराची वृष्टी अरुंद दरीत तासन्‌तास चालली की ही रेषा आणखी खाली घसरते. संध्याकाळी पावसात झोपलेला, हंपताच्या वाटेवरचा बालू का घेराचा तळ सकाळी पांढरा दिसतो तो असा.

आता मुख्य मुद्दा. हे वादळ कुणालाच तयारीत गाठत नाही, आणि ते आधी भिजवतं, मग गोठवतं. जानेवारीत चार हजार मीटरवर उणे पंधरा असतं, पण हवा कोरडी असते. बर्फ कपड्यांवरून झटकला की पडतो आणि माणूस त्याच तयारीने गेलेला असतो. ऑक्टोबरात दुपारी एक-दोन अंशांत पाऊस सुरू होतो. मग टपटप पांढरे दाणे पडायला लागतात, गारांसारखे कडक नाहीत, साबुदाण्यासारखे मऊ, बोटांत चिरडले जाणारे. सगळे मोबाइल काढतात. अर्ध्या तासाने मोठे ओले पापुद्रे सुरू होतात, आणि तोपर्यंत रेनकोटच्या आत घामाने आणि बाहेरून पाण्याने सगळं भिजलेलं असतं. मग वारा वळतो, पारा खाली येतो. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. हायपोथर्मिया, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरणं, यासाठी कडाक्याची थंडी लागतच नाही. पाच-सात अंश, ओले कपडे आणि वारा पुरेसा होतो.

निसर्गातही हेच दिसतं. नोव्हेंबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये काश्मीरात लवकर बर्फ पडला तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं अजून शाबूत होती. ओला जड बर्फ पानांवर साचला आणि फांद्याच काय, झाडंच्या झाडं चिरफाळली. ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटात हजारो गुरं दगावली. त्यांच्या अंगावर हिवाळी केस यायचे होते, ती उन्हाळी कुरणांतच होती, आणि बर्फाआधी पावसाने भिजली होती. हीच गुरं फेब्रुवारीत त्याहून वाईट थंडी सहज काढतात.

हिमालयातली उदाहरणं सांगतो, कारण ‘असं क्वचितच होतं’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचं उरलेलं बाष्प पश्चिमेकडून आलेल्या थंड हवेला नेपाळवर जाऊन भिडलं आणि अन्नपूर्णा परिसरात, ५४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास चाळीसहून जास्त माणसं गेली. ती हंगामातली सर्वांत गर्दीची वेळ होती. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत शेकडो लोक बर्फात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात लमखागा पास आणि सुंदरढुंगाच्या बाजूला ट्रेकर मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एव्हरेस्टच्या तिबेटकडच्या कर्मा खोऱ्यात शेकडो जण अडकले. आणि तुमच्या चंद्रतालला तर २०२३ साली ऐन जुलैत अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फामुळे अडकून पडले होते. दर ऑक्टोबरात असं होतं असं मी म्हणत नाही. कित्येक वर्षी ऑक्टोबर म्हणजे निळंभोर आकाश आणि कोरडी हवा, हिमालयातला सर्वांत सुंदर महिना. पण तुमच्या वेळी अलर्ट लागलेला आहे, त्यामुळे सरासरीचा आधार घेऊ नका.

वर गेल्यावर मोबाइलला रेंज नसेल, तेव्हा आकाश वाचायला शिका. पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग आदल्या दिवशी येतात, मग पातळ पडदा पसरतो आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. रात्र अचानक उबदार वाटली, दव-हिम पडलं नाही, तर खूश होऊ नका. ढगांचं पांघरूण आलंय. माझा सर्वांत भरवशाचा संकेत मात्र घड्याळातला अल्टीमीटर आहे, हवेच्या दाबावर चालणारा, जीपीएसवाला नव्हे. झोपताना आकडा बघून ठेवायचा. तंबू जागचा हलला नाही आणि सकाळी घड्याळ म्हणतंय तुम्ही चाळीस मीटर वर आहात, तर चढलो आपण नाही, हवेचा दाब उतरलाय. चार हजार मीटरवर दाब एक हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) उतरला की घड्याळात साधारण बारा मीटर वाढतात. चाळीस मीटरचा फरक आणि वर ढगांचा पडदा असं दोन्ही दिसलं की खिंडीकडे पाऊल टाकायचं नाही.

वादळ तळावर असताना आलंच तर तंबूतच थांबा, पण झोपून राहू नका. ओला बर्फ फार जड असतो. फ्लायशीट, म्हणजे तंबूचं बाहेरचं कापड, आत वाकायला लागलं की आतून हाताने थोपटून पाडायचा, दर अर्ध्या-पाऊण तासाने, पाळ्या लावून. बाहेर जाऊन तंबूच्या कडेचा बर्फ ओढून काढा, कारण तो खालची हवेची फट बुजवतो. आणि तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नका, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कपड्यांबद्दल तुम्ही जाड जॅकेट भाड्याने घेताय असं लिहिलंय. घ्या, पण त्याआधी पावसाची पँट आणि खरोखर पाणी न शिरणारं वरचं जॅकेट घ्या. डाऊन जॅकेट भिजलं की त्यातली पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. जीन्स आणि सुती हुडी घरी ठेवा. एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसकट, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्लीपिंग बॅगमध्येच ठेवायचा आणि चालताना तो काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. हातमोजे दोन जोड. गॉगल विसरू नका. ताज्या बर्फावर ऊन पडलं की काही तासांत डोळे सुजतात.

तुम्ही चौघे जाताय, तर एकमेकांवर लक्ष ठेवा. जो बडबड्या आहे तो गप्प झाला, ज्याला चेन लावता येईना, जो विनाकारण चिडतोय, सपाट वाटेवर अडखळतोय, त्याचं अंग गार पडत चाललंय असं धरा. थरथरणं थांबलं आणि तो ‘आता थंडी वाजत नाहीये’ म्हणाला तर परिस्थिती आणखी बिघडली आहे. ओले कपडे काढा, कोरडे चढवा, स्लीपिंग बॅगमध्ये घाला, गिळता येत असेल तर गरम गोड पाणी द्या. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नाही.

वादळानंतरचा दिवस वेगळाच फसवा असतो. ढग जातात, आकाश धुतल्यासारखं होतं आणि सगळ्यांना वाटतं आता निघूया. पण उघड्या आकाशाखाली ती रात्र सर्वांत थंड जाते. शिवाय जमीन अजून उन्हाळ्यातली उबदार असते. तिच्या स्पर्शाने बर्फाचा तळ वितळतो आणि गवताच्या उतारावर अख्खा थर निसटायला तयार होतो. दगडांवर तेच पाणी गोठून काळा बर्फ बनतो, जो दिसतही नाही. हंपताच्या पलीकडचा उतार सियागोरूच्या तळाकडे बराच तीव्र आहे. ताज्या बर्फात तिथे पहिला दिवस तरी कुणी उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रेक नेणाऱ्यांना आजच फोन करून विचारा की परत फिरायचा निर्णय कोण घेणार, आणि खिंड बंद असेल तर तुम्हाला ट्रेक सुरू होतो त्या जोब्राला परत आणणार की खिंडीपलीकडच्या छत्रूकडे ढकलणार. छत्रूला पोचूनही मनालीकडे परतायचा ग्राम्फूचा रस्ता बर्फाने बंद असू शकतो, मग तुम्ही पलीकडे अडकलात. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे गेले तरी चालतील, त्यांच्यासोबत जाऊ नका. आणि परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकला. रद्द करण्याचे जे काही पैसे कापले जातील ते कापू द्या. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुकीच्या चढाया ‘परवाची गाडी आहे’ या एका कारणाने झालेल्या आहेत.

तिकीट हलत नसेल तर हंपता या वेळी सोडा. अलर्ट उठला आणि रस्ता मोकळा झाल्याचं प्रशासनाने जाहीर केलं की अटल बोगद्यातून सिस्सूला जा, दिवसभर मनसोक्त बर्फ बघा आणि संध्याकाळच्या आत मनालीला परता. सावलीतल्या वळणांवर ऊन आल्याशिवाय सकाळी गाडी काढू नका, आणि चालक तिथलाच घ्या.