एक ताऱ्याची धास्ती

सुनंदाताई (नाव बदललंय) माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीला डायरी घेऊन आल्या. त्यात पट्टीने रकाने आखलेले: डॉक्टरांचं नाव, ॲपवर रुग्णांनी दिलेले तारे, फी. एकूण 17 नावं. वडील जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरतात, इतके गुडघे दुखतात. आणि दोन महिन्यांत ॲपवरून घेतलेल्या तिन्ही अपॉइंटमेंट ताईंनीच रद्द केलेल्या.

"मॅडम, डॉक्टर निवडायला चुकले तर?"

हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. पूर्वी फॅमिली डॉक्टर चिठ्ठी द्यायचे, आपण जायचो. आता निवड आपली, म्हणून चूकही आपलीच वाटते.

शेवटची अपॉइंटमेंट का रद्द केली, विचारलं. त्यांनी फोन पुढे केला. एक तारा, खाली "दीड तास बसवून ठेवलं. पार्किंग नाही." त्या डॉक्टरांचे सगळे वाईट शेरे आम्ही मोजले. 11 निघाले. 9 जणांची तक्रार ताटकळण्याची, फीची, नाहीतर रिसेप्शनवरच्या मुलीची. गुडघ्याबद्दल दोघांनीच लिहिलेलं.

ॲप वाईट नाही. जवळ कोण, कधी बसतात, फी किती, हे घरबसल्या कळतं. पण काही ठिकाणी पैसे भरूनही नाव वर येतं. तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, म्हणा. खात्रीच करायची तर नोंदणी क्रमांक बघावा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवर द्यायचा असतो, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदवही पाहता येते. तिथे तारे नाहीत.

हे सगळं ताईंना पटलं. तरी चौथी अपॉइंटमेंटही रद्द झाली.

तिसऱ्या भेटीत डायरीशी चाळा करता करता त्या म्हणाल्या, "आईच्या वेळी डॉक्टर मीच शोधला होता." पुढच्या दोन भेटींत गुडघ्यांचा विषयच निघाला नाही. आईबद्दलच बोललो.

मग एक दिवस त्या वडिलांना गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं, डायरीत नसलेलं. आठवड्याने मेसेज आला: "एक्स-रे झाला. ऑपरेशन सध्या नको म्हणाले, व्यायाम दिलाय. पावणेदोन तास बसवलं. पण बाबांना तिथे डेपोतले जुने कंडक्टर भेटले. नंबर आला तरी उठेनात."