सुंता, विकृती, विच्छेदन की खफ्ज? बातमीत काय लिहायचं

प्रश्न आलाय तो असा: जिल्हा वार्ताहरांसाठी एक कार्यशाळा ठरली आहे. मुलींचं जननेंद्रिय कापण्याच्या प्रथेवर, म्हणजे ज्याला इंग्रजीत एफजीएम (फिमेल जेनिटल म्युटिलेशन) म्हणतात त्यावर, संवेदनशीलपणे बातमी कशी करावी हा विषय. विचारणाऱ्या ताई टिपण तयार करताहेत आणि त्यांना हवाय एक मराठी शब्द. सुंता, खतना, खफ्ज, जननांग विकृतीकरण, जननेंद्रिय विच्छेदन, सगळंच छापून येतं. बरोबर कुठलं?

सुंता आधी बाद करा. 'महिलांची सुंता' हा मथळा दिसला की माझं डोकं फिरतं. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथेचे चार प्रकार सांगितलेत. पहिल्यात क्लिटोरिस (भगांकुर) किंवा तिच्यावरची त्वचा कापतात, दुसऱ्यात आतले भगोष्ठ, म्हणजे योनीचे ओठही कापतात, तिसऱ्यात योनिमुख शिवून अरुंद करतात, चौथ्यात टोचणं, चिरणं, खरवडणं, डागणं असं सगळं येतं. या सगळ्याला सुंता म्हटलं की वाचकाला वाटतं, मुलग्यांची करतात तशीच मुलींची, त्यात एवढं काय! शिवाय मराठीत हा शब्द कोरा राहिलेला नाही. मूळ अरबी सुन्नत, म्हणजे मळलेली वाट, रीत. कवी भूषणाच्या शिवस्तुतीत तो 'सुनति' होऊन येतो, आणि तिथपासून त्याला सक्तीच्या धर्मांतराची आठवण चिकटलेली आहे. मथळ्यात सुंता आली की वाचक थेट हिंदू-मुसलमान वादात जाऊन पोचतो आणि जिच्यावर हे झालं ती सात वर्षांची मुलगी बातमीतून नाहीशी होते. ही प्रथा एका धर्माची नाहीच. इजिप्तमध्ये ती कॉप्टिक ख्रिस्ती घरांतही चालत आली आहे. युनिसेफने २०२४ साली दिलेला जगाचा आकडा २३ कोटींहून जास्त मुली-बायकांचा आहे.

'जननांग विकृती' तर त्याहून वाईट. हा हिंदीतून उचललेला माल आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हिंदी मजकुरात 'महिला जननांग विकृति' असतं, ते आपल्याकडे जसंच्या तसं उतरवतात. मराठीत विकृत कोणाला म्हणतात? आणि 'जन्मजात विकृती' कशाला म्हणतात? 'जननांग विकृती असलेल्या महिला' असं लिहिलं की दोष त्या बाईच्या अंगात जाऊन बसतो आणि ब्लेड हातात घेतलेली व्यक्ती वाक्यातून निसटते. विकृतीकरण केलं तरी फार फरक पडत नाही. ज्या मुली आज तिशी-चाळिशीत पुढे येऊन बोलताहेत, त्यांना सकाळी पेपरात आपल्या शरीराबद्दल 'विकृत' वाचावं लागतं. विच्छेदनाचं काय? मराठी वाचकाला विच्छेदन म्हटलं की शवविच्छेदन आठवतं, दुसरं काही नाही. जिवंत मुलीबद्दल लिहिताय.

आता खफ्ज, म्हणजे दाऊदी बोहरा समाजात या प्रथेला वापरतात ते अरबी नाव, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण या शब्दाइतकं बोलकं दुसरं काही या चर्चेत नाही.

पहिलं उच्चाराचं. काही जण खफ्द लिहितात, काही खफ्झ. शेवटचं अक्षर अरबी 'दाद'. फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे येताना त्याचा ज होतो. अर्ज, कर्ज, हजर, मर्जी, राजी, रजा या सगळ्यांत मूळचा तोच दाद आहे. आपण कर्ज म्हणतो, कर्द म्हणत नाही. मग खफ्जच म्हणा. (आणि हो, राजी आणि रजा एकाच धातूचे. रजा म्हणजे मुळात संमती. साहेबाने संमती दिली म्हणून सुट्टी.)

अर्थ मात्र बघण्यासारखा आहे. खफ्ज म्हणजे खाली आणणं, उतरवणं, कमी करणं. अरबी व्याकरणात कूफा आणि बसरा या इराकी शहरांच्या नावाचे दोन मोठे पंथ होते. नाम संबंधात आलं किंवा शब्दयोगी अव्ययानंतर आलं की त्याला जी विभक्ती लागते, जवळपास आपली षष्ठी म्हणा, तिला बसरावाले 'जर्र' म्हणत आणि कूफावाले 'खफ्ज'. त्या विभक्तीची खूण अक्षराच्या खाली काढतात, हे ध्यानात ठेवलं की नाव विसरत नाही. कुराणात आईवडिलांपुढे नम्रतेचा पंख झुकवा असं सांगितलंय, तिथे क्रियापद हेच. आजच्या अरबी बातम्यांत भाव उतरले, तापमान उतरलं, की याच धातूचं 'इन्खिफाज' येतं.

म्हणजे पंख झुकतो, भाव उतरतो, विभक्ती खाली लागते, आणि मुलीच्या शरीरातलं काहीतरी 'कमी' केलं जातं. शब्द एकच. माझं ठाम म्हणणं असं की या प्रथेची जुनी नावं सुरीचं नाव घेणं टाळत आली आहेत. सुन्नत म्हणजे वाट. सुदान, इजिप्तमधली 'तहारा' म्हणजे शुद्धी. खफ्ज म्हणजे उतरवणं. शिवण्याच्या प्रकाराला इंग्रजीत 'इन्फिब्युलेशन' म्हणतात, तो लॅटिन फिब्युला म्हणजे कपड्याला लावायच्या आकड्यावरून. मला भेटलेला ठळक अपवाद स्वाहिलीचा. तिथे अरबी तहारावरून आलेला 'तोहारा' मुख्यतः मुलग्यांकडे राहिला आणि मुलींच्या बाबतीत केनिया-टांझानियाच्या बातम्यांत 'उकेकेताजी' रुळला. त्याच्या मुळाशी कापणं आहे, करवतणं आहे. केनियातल्या वार्ताहराला जो शब्द हाताशी मिळाला तो आपल्याला मिळालेला नाही.

दाऊदी बोहरा या शिया मुस्लीम समाजात प्रथेची बाजू घेणारे आग्रहाने खफ्ज म्हणतात आणि खफ्ज म्हणजे एफजीएम नव्हे, नुसता ओरखडा आहे असं सांगतात. तो त्यांचा शब्द आहे, त्यांच्या तोंडी अवतरणात जरूर द्या. पण वार्ताहराने स्वतःच्या वाक्यात तो वापरला की त्यांची बाजूही वापरली. 'कमी करणं' या शब्दात किती कमी, कशाने, कोणाच्या संमतीने, यातलं काहीच नाही.

या 'नुसत्या ओरखड्या'चा निकाल ऑस्ट्रेलियात लागलाय, आणि आमच्यासारख्या शब्दवेड्यांनी तो वाचलाच पाहिजे. न्यू साउथ वेल्समध्ये बोहरा कुटुंबातल्या दोन लहान बहिणींचं प्रकरण होतं. कायद्यात 'छेदणे, शिवणे किंवा अन्य प्रकारे मोडतोड करणे' अशा अर्थाचे शब्द. ज्यूरीने २०१५ मध्ये आरोपींना दोषी ठरवलं. २०१८ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, मोडतोड म्हणजे काहीतरी कायमचं नुकसान हवं, आणि दोषी ठरवण्याचा निकाल रद्द केला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने बहुमताने सांगितलं की या कायद्यातल्या त्या शब्दात कितीही लहान इजा येते, कापणं आलं तसं बारीक चीर देणंही आलं. खटला मुख्यतः एका क्रियापदावर फिरला. (आपल्याकडे छापलं गेलं 'उच्च न्यायालय'. ऑस्ट्रेलियाचं हाय कोर्ट हे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे.)

यावर काही जाणकार सांगतात की सौम्य शब्द वापरा, लोक बोलते होतात. याच्या उलट, आफ्रिकी कार्यकर्त्यांच्या समितीने २००५ मध्ये मालीची राजधानी बामाकोला जाहीरनामा काढून म्हटलं की सौम्य शब्दांनी प्रश्नच सौम्य होतो. मला दोघांचंही अर्धंच पटतं, कारण दोघांनी बोलणं आणि लिहिणं एकत्र केलंय. समोर बसलेल्या बाईशी बोलताना तिचाच शब्द घ्या. मुंबईतली बोहरा बाई बहुतेक वेळा 'खतना' म्हणेल. तिला 'तुमचं विकृतीकरण कधी झालं' असं विचारणारा वार्ताहर मुलाखतीला पाठवूच नका. 'रानटी', 'अमानुष' ही विशेषणंही मथळ्यातून काढा. तिला तिथे नेणारी बहुतेकदा तिची आई किंवा आजी होती, आणि आजही तिचं त्यांच्याशी बोलणं आहे. मथळा तिच्या आईला रानटी म्हणतो तेव्हा पुढची बाई बोलायला येत नाही.

लिहिताना मात्र क्रियापद स्पष्ट हवं. 'तिची सुंता करण्यात आली.' हे 'करण्यात आली' पोलीस ठाण्यातून बातमीत आलंय आणि त्याने कर्ताच गिळलाय. त्याऐवजी असं लिहा: 'ती सात वर्षांची असताना आजीने तिला फिरायला म्हणून एका ओळखीच्या घरी नेलं. तिथे एका बाईने तिच्या क्लिटोरिसवरची त्वचा ब्लेडने कापली.' कोणी नेलं, कोणी कापलं, काय कापलं, सगळं आलं. क्लिटोरिसला भगांकुर हा चांगला शब्द आहे, पहिल्यांदा दोन्ही द्या. 'शस्त्रक्रिया', 'विधी', 'संस्कार' नको. शस्त्रक्रिया आजारावर करतात. आणि तिने आपणहून सांगितलं नसेल तर वेदनेचं वर्णन मागू नका, सोबत सोमालियातल्या रडणाऱ्या मुलीचा फोटो चिकटवू नका. भेंडीबाजारची बातमी असेल तर भेंडीबाजारचीच राहू द्या.

आणखी एक ठिकाण जिथे शब्द घसरतो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या प्रथेची अधिकृत आकडेवारी नाही. पुष्कळ ठिकाणी त्याची बातमी 'भारतात अशी प्रथा नाही: केंद्र' अशी झाली. नोंद नाही आणि घडत नाही यांत केवढा फरक! या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या 'सहियो' संस्थेने ३८५ बोहरा बायकांना विचारलं तेव्हा ८० टक्के बायकांनी आपला खतना झाल्याचं सांगितलं. ती ऑनलाइन पाहणी होती, हेही त्याच वाक्यात लिहावं, नाहीतर तो आकडा सबंध समाजाचा होऊन बसतो. खास कायदा नसला तरी २०१८ मध्ये सरकारनेच न्यायालयात सांगितलं की तेव्हाची भारतीय दंडसंहिता आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, यांखाली हा गुन्हा ठरतो. 'कायदाच नाही' असं सरसकट लिहू नये.

तर ताई, शब्द हवाच असेल तर बातमीच्या अंगात 'मुलींचं जननेंद्रिय कापण्याची प्रथा', दुसऱ्यांदा 'ही प्रथा', आणि जागा कमी असलेल्या मथळ्यात 'मुलींचा खतना'. खतना पुल्लिंगी चालवा: खतना केला, खतना झाला. 'खतना केली' असं जे दिसतं, ते सुंता स्त्रीलिंगी असल्याच्या सवयीने आलं असावं.